टाइप १ डायबेटिस: शाळा म्हणते रोज दुपारी घरच्यांनीच येऊन इन्सुलिन द्या. मदत हवी आहे

लेकीची_आई
प्लीज लवकर सांगा कुणीतरी, सोमवारी शाळेत बोलावलंय. डब्याच्या आधीचा डोस द्यायला रोज घरचं माणूस यायला हवं, आमच्याकडे नर्स नाही, सुईचं काही झालं तर जबाबदारी कोण घेणार, नाहीतर हे वर्ष घरीच ठेवा, असं तोंडावर सांगितलं. मी नोकरी करते, नवऱ्याची शिफ्ट फिरती, सासूबाईंना जिना उतरवत नाही. शाळा असं करू शकते का? आणि तुमच्या मुलांचं शाळेत कोण बघतं? औषधपाणी नीट चालू आहे, त्यावर सल्ला नकोय.

नाशिककर
ताई, मुलगी केवढी, कितवीत, बोर्ड कुठलं, दिवसातून किती वेळा इन्सुलिन, इन्सुलिनचं पेन की सिरिंज, दंडावर लावायचा शुगरचा सेन्सर आहे का? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

साखरेचा_हिशोब
माझा मुलगा आता नववीत आहे, पहिलीत असताना निघालं. आमच्याकडेही शिक्षकांनी सुईला हात लावला नाही कधीच, आणि मी तो आग्रहच सोडला. मी एवढंच मागितलं की तो स्वतः टोचेल, तुम्ही फक्त पेनवरचा आकडा बघा आणि मान हलवा. आकडा कुठला ते मी डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहायचे, २ पोळ्या ३० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं), भाजी ५, म्हणून इतके युनिट. शुगर जास्त-कमी असेल तर तो बाईंच्या फोनवरून मला विचारायचा. बाईंना बघायला काहीच वाटायचं नाही, टोचायचं म्हटलं की घाबरायच्या.

पेन्शनर_काका
बेटा, घाबरू नकोस. मला स्वतःला १८ वर्षं शुगर आहे. सकाळी अनशापोटी कारल्याचा रस आणि रात्री भिजवलेले मेथीदाणे, गोळी अर्ध्यावर आली. लहान मुलांना इतक्या सुया टोचणं बरं नव्हे, हळूहळू कमी करत न्या.

नाशिककर
काका, तुमची टाइप २. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, कारल्याने त्या परत येत नाहीत. इन्सुलिन थांबवलं तर दोन-तीन दिवसांत पोरगं उलट्या करत आयसीयूत जातं, जिवावर बेततं. कृपा करून ‘कमी करत न्या’ इथे लिहू नका, कुणीतरी आई वाचून करून बसेल.

पेन्शनर_काका
मी चांगल्या भावनेने लिहिलं होतं. इन्सुलिन बंद करा असं म्हणालो नाही.

शांत_सागर
यावर सोप्पा उपाय आहे. मिक्स इन्सुलिन (लगेच आणि सावकाश काम करणारं एकत्र) सुरू करा, सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी, शाळेत सुईचा प्रश्नच मिटतो. माझ्या भाचीचं तसंच चालू आहे, शाळेला माहीतसुद्धा नाही.

साखरेचा_हिशोब
शाळेला माहीत नाही हे चांगलं की वाईट? मिक्स घेतलं की ठरलेल्या वेळेला ठरलेलं खावंच लागतं. खेळाचा तास लांबला, डबा उशिरा उघडला की लो होणार, म्हणजे शुगर फार खाली जाणार, आणि बाजूला बसलेल्या कुणालाच कळणार नाही काय चाललंय. शाळेच्या सोयीसाठी डोस बदलायचा नसतो, मुलीच्या सोयीसाठी डॉक्टर बदलतील तर ठीक.

शांत_सागर
सगळ्यांना दिवसाला ४ सुया परवडत नाहीत ताई. गावाकडे कित्येक मुलं मिक्सवरच आहेत आणि शाळा शिकतायत.

साखरेचा_हिशोब
ते मान्य. पण यांनी पैशाचा प्रश्न विचारलेला नाहीये, दुपारी कोण बघणार एवढंच विचारलंय.

अर्ज_विनंती
अपंगत्वाचा दाखला काढा आधी. २०१६ च्या कायद्यात आता २१ प्रकार आहेत, कार्ड हातात आलं की शाळेला नाही म्हणता येणार नाही. रेल्वे, इन्कम टॅक्स सगळीकडे उपयोगी पडतं.

नाशिककर
२१ च्या यादीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत, टाइप १ नाही. ताईंना उगाच सिव्हिलच्या रांगेत उभं करू नका. त्यापेक्षा हे धरा. शिक्षणहक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, त्यामुळे ‘घरी ठेवा’ हे लेखी मागा, सहसा कुणी देत नाही. दुसरं, बालहक्क आयोगाने २०२३ मध्ये सगळ्या राज्यांच्या शिक्षण खात्यांना पत्र पाठवलंय, की टाइप १ च्या मुलांना शाळेत शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधला खाऊ खाऊ द्या. त्याची प्रिंट न्या. सीबीएसईने तर २०१७ पासून परीक्षेच्या हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या आणि फळ न्यायला परवानगी दिली आहे.

लेकीची_आई
सॉरी, ऑफिसात होते. ७ वर्षांची, दुसरीत, स्टेट बोर्ड, पुण्याच्या बाहेर. जेवणाआधी तिन्ही वेळा रॅपिड (लगेच काम करणारं), रात्री लाँग (सावकाश, बराच वेळ चालणारं). पेन आहे, अर्ध्या युनिटचं. सेन्सर नाही, सारखा घ्यायला झेपत नाही. बोटातून शुगर ती स्वतः बघते, टोचूनही घेते, पण आकडा फिरवताना एक-दोनदा पुढे गेलाय, म्हणून मी एकटीवर सोडत नाही.

साखरेचा_हिशोब
मग तुमचं काम निम्मं झालंय! आकडा बघायला एक मोठं माणूस, एवढीच मागणी ठेवा. आणि सोमवारी सुईवर कमी, ‘लो’वर जास्त बोला, कारण दुपारचा डोस उशिरा झाला तर शुगर वाढेल, ती घरी आल्यावर बघता येते, पण लो वर्गातच होणार. घाम, हात थरथरणं, एकदम चिडणं किंवा एकदम गप्प होणं, हे बाईंना माहीत हवं. ७० च्या खाली आलं की डॉक्टरांनी वजनावर सांगितलं असेल तेवढं ग्लुकोज पावडर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासायचं. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर सावकाश चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना आणि तुम्हाला फोन. आणि हे ठळक लिहा: लो असताना तिला एकटीला ऑफिसात पाणी प्यायला पाठवायचं नाही, कुणीतरी सोबत. माझा मुलगा एकदा जिन्यातच खाली बसला होता.

लेकीची_आई
हे वाचून रडू आलं खरंच. जिन्याचा विचारच केला नव्हता, त्यांचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. हे सगळं कागदावर कुणाच्या नावाने? मी लिहिलेलं ते मानतील का?

नाशिककर
डॉक्टरांच्या लेटरहेडवर एक पान मराठीत घ्या. खाली तुमच्या दोघांची सही, की मुलगी स्वतः टोचेल, शिक्षक फक्त आकडा बघतील, त्याबद्दल त्यांना जबाबदार धरणार नाही. मुख्याध्यापकांना भीती त्या एका वाक्याचीच असते. एक प्रत वर्गाच्या कपाटात ग्लुकोजच्या डब्यासोबत, एक पीटीच्या सरांकडे. बदली शिक्षक आले की त्यांना काहीच माहीत नसतं.

अर्ज_विनंती
आणि पोचपावती घ्या. पत्राच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख.

पावसाळी_ढग
थोडं अवांतर, पण सेन्सर लावणाऱ्यांनी सांगा ना, पावसात आणि पोहताना तो सुटतो, वरून काय चिकटवता?

साखरेचा_हिशोब
वेगळा धागा काढा हो, इथे यांची सोमवारची घाई आहे.

लेकीची_आई
डॉक्टरांना मेसेज केलाय, उद्या पत्र देतो म्हणाले. वर्गशिक्षिकेला आधी एकटं भेटू की थेट मुख्याध्यापकांकडे जाऊ? वर्गशिक्षिका तशा प्रेमळ आहेत पण नवीन आहेत.

साखरेचा_हिशोब
आधी वर्गशिक्षिका. शनिवारी शाळा सुटताना लेकीला घेऊन जा, तिला बाईंसमोर शुगर तपासू दे आणि पेनवर आकडा फिरवून दाखवू दे. मग वर जा.

सहलीला_निघालो
आमच्या मुलाची पण सहल आहे पुढच्या आठवड्यात, उघडलेलं पेन उन्हात किती वेळ चालतं?

नाशिककर
उघडलेलं पेन ३० डिग्रीच्या आत साधारण ४ आठवडे. बसच्या डिकीत किंवा खिडकीजवळ ठेवू नका, ओल्या रुमालात गुंडाळून सरांच्या बॅगेत द्या. बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलं की फेकायचं.