आईचे गुडघे: ग्लुकोसामाइन चालू ठेवू की बंद करू?

मुक्तछंदी: आईचे गुडघे दुखतात. डॉक्टर म्हणाले झीज आहे. ओळखीतल्या काकूंचं ऐकून ती ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन या सांध्यांसाठीच्या पूरक गोळ्या घेतेय, फरक शून्य. डबी संपत आली. तेच पुन्हा आणू, की कोलेजन, की हळदीच्या कॅप्सूल? कृपया नेमकं सांगा, गोलगोल नको.

रानवाटा: वय? वजन? सूज आहे का? सकाळी गुडघे आखडतात ते किती वेळात सुटतात? तासभर लागत असेल तर आमवात आहे का तेही बघावं लागेल. बाकी गोळ्या कुठल्या चालू आहेत?

मुक्तछंदी: वय ६६, वजन जास्तच आहे. सूज नाही. पाच-दहा मिनिटांत सुटतात. गोळ्या नेहमीच्याच.

जुनाखेळाडू: बंद करू नका! मी कधीपासून घेतोय, जिने आरामात चढतो. तीन महिने तरी धीर धरा.

पुरावा_हवा: दादा, तुम्हाला बरं वाटलं हे मान्य, पण ते गोळीनेच वाटलं कशावरून? अमेरिकेतली 'गेट' चाचणी बघा, २००६ ची. १५८३ रुग्ण, २४ आठवडे. दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांपैकी ६६.६ टक्क्यांचं दुखणं कमी झालं आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ६०.१ टक्क्यांचं. हा फरक योगायोगानेही पडू शकतो.

जुनाखेळाडू: अर्धवट सांगू नका. त्याच चाचणीत जास्त दुखणाऱ्यांमध्ये ७९ विरुद्ध ५४ टक्के आले होते!

पुरावा_हवा: तो गट लहान होता, आणि दोन वर्षांच्या पाठपुराव्यात ठळक फायदा दिसला नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन देऊ नये असंच स्पष्ट म्हटलंय. हळदीचे प्रयोग बरे दिसतात, पण छोटे आणि थोड्या काळाचे.

सोनचाफा: ड जीवनसत्त्व तपासलंत का? माझ्या सासूबाईंचं फारच कमी निघालं होतं.

रानवाटा: ताई, कमी असेल तर हाडांसाठी द्यायलाच हवं, पण झिजेच्या दुखण्यावर त्याचा उपयोग मोठ्या चाचण्यांत दिसलेला नाही. मुक्तछंदी, "नेहमीच्याच" म्हणजे कुठल्या? नावं सांगा.

मुक्तछंदी: बीपीची, आणि हृदयाची झडप बदललीय म्हणून रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन. त्याचा गुडघ्याशी काय संबंध?

रानवाटा: फार मोठा संबंध आहे! ग्लुकोसामाइनने वॉरफेरिनचा असर वाढून रक्त जास्त पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. हळदीच्या कॅप्सूलनेही तोच धोका. नवी डबी आणूच नका. आजच हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) कधी करायची ते विचारा. वॉरफेरिन मात्र स्वतःहून बंद करायचं नाही. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळीही नको, लावायचं जेलसुद्धा विचारूनच.

फिजिओ_मीरा: आणि व्यायामाचं कोणीच बोलत नाहीये, खरा पुरावा तिथे आहे. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पंजा स्वतःकडे ओढायचा, मांडी घट्ट आवळून पाच आकडे मोजायचे, मग सावकाश खाली. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकत राहिलं तर कमी करा. वजनही उतरवा: एक किलो उतरला की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो.

मुक्तछंदी: डॉक्टरांना फोन केला. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या बंद, उद्या रक्त तपासायचंय. मीराताई, जिना चढू द्यायचा का तिला?

सोनचाफा: मीराताई, खांद्यासाठी असं काही आहे का? हात वरच जात नाही.