अनुभव धागा : आपल्याकडच्या आणि परमुलखातल्या आगळ्या प्रथा

धागाकर्ती (सातारा)

आमच्या जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही शेजारची गावं. मध्ये एक ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया आपापल्या काठावर जमतात आणि पलीकडच्यांना शिव्या देतात. हलगी, ताशा जोरात, हातवारे, ठणाणा. यालाच बोरीचा बार म्हणतात. पाटलाच्या दोन सवती या ओढ्यावर भांडल्या, त्यावरून हे सुरू झालं असं सांगतात. माझं आजोळ त्याच भागातलं. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी माझी मावशी गुडघाभर पाण्यात उभी राहून, दंड थोपटून पलीकडच्या बाईला जे काय बोलली, ते मी इथे लिहिणार नाही. संध्याकाळी घरी आली तेव्हा चेहरा असा मोकळा, की वर्षाचं ओझं उतरलंय.

जपानमध्ये इबाराकी प्रांतात कासामा नावाचं गाव आहे. तिथे डिसेंबरात डोंगरावरच्या देवस्थानात शिव्यांचा उत्सव होतो. पांढऱ्या वेशातले तेरा जण ‘तेंगू’ (जपानी लोककथांतले डोंगरातले भूतदेव) होऊन लहान लहान देवळांत नैवेद्य ठेवत जातात आणि लोक त्यांच्या मागे ‘मूर्खा!’ म्हणून ओरडत चालतात. एकमेकांना मान लववून बोलणाऱ्या लोकांचा हा देश. हे वाचलं आणि मला मावशीच आठवली.

म्हणून हा धागा. सातारा-सांगलीकरांनो, तुम्ही जगात कुठेही असा. आपल्या गावची किंवा परमुलखात डोळ्यांनी पाहिलेली प्रथा लिहा. एकच विनंती : ‘कसले विचित्र लोक’ एवढ्यावर थांबू नका. ते लोक स्वतः त्याबद्दल काय म्हणतात, तेही लिहा.

बावधनकर (वाई तालुका)

ताई, मग बगाड यायलाच पाहिजे. आमच्या भैरवनाथाचं बगाड रंगपंचमीला असतं. ज्याचा नवस असेल त्यातून बगाड्या कोण, ते होळी पौर्णिमेला देवाला कौल लावून ठरतं. कौल मिळाला की त्या माणसाचं घर गावाचं होतं. रंगपंचमीला सोनेश्वर इथे बगाड्याची कृष्णेत अंघोळ, पूजा, आणि मग त्याला गाड्यावरच्या उंच शिडाला टांगून गाडा गावाकडे निघतो. एकापुढे एक बैलांच्या जोड्या जुंपलेल्या. रस्ता असा नाहीच, रानातनं, ढेकळांतनं. ‘काशिनाथाचं चांगभलं!’

टीव्हीवर तुम्हाला वर टांगलेला माणूस दिसतो. आम्ही खाली बघतो. कणा करकरायला लागला की वंगण घेऊन पळणारी पोरं, जू मानेवर नीट बसलंय का ते हात घालून बघणारा म्हातारा, बैल दमला की लगेच जोडी सोडून दुसरी लावणारे. आमचा बैल बगाडाला जुंपला जावा म्हणून माझे वडील महिनाभर आधीपासून त्याच्या खुराकाकडे जातीनं बघायचे. बगाड एका नवसकऱ्याचं नसतं, सगळ्या शिवाराचं असतं.

माझ्याबरोबर पुण्यात काम करणारा एक मेक्सिकन इंजिनियर होता. त्याला व्हिडिओ दाखवला. मला वाटलं दचकेल. तो म्हणाला, आमच्याकडेही आहे. व्हेराक्रूझ राज्यातल्या पापांत्ला भागात उंच खांबावर पाच जण चढतात. एक जण टोकावर उभा राहून पावा आणि छोटा ढोल वाजवतो, बाकीचे चौघे दोरानं बांधून घेऊन उलटे झोकून देतात आणि गिरक्या घेत खाली येतात. प्रत्येकाच्या १३, चौघांच्या मिळून ५२. पाऊस पडावा, पीक यावं म्हणून. २००९ मध्ये युनेस्कोनं त्याची नोंद घेतली. खांबासाठी झाड तोडताना आधी त्या झाडाची क्षमा मागतात, हे सांगताना त्याचा आवाज बदलला. मग दोघं बराच वेळ नुसते लाकडाबद्दलच बोलत बसलो.

गलाईवाला (मूळ खानापूर तालुका, सध्या तमिळनाडू)

आमच्या खानापूर-आटपाडीकडची निम्मी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. मी लहानाचा मोठा मदुराईत झालो. तिथून जवळच पळणीचा मुरुगन, म्हणजे कार्तिकेय. थैपूसमच्या सणाला लोक उपास करून, अनवाणी, खांद्यावर मोरपिसं लावलेली कावडी घेऊन डोंगर चढतात. काही जण गालातून, जिभेतून बारीक भाला आरपार घालतात. रक्ताचा थेंब नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी आईच्या मागे लपलो होतो.

आईनं मात्र हात जोडले. ती म्हणाली, अरे ही तर आपल्या शिखर शिंगणापूरची कावड. चैत्रात मुंगी घाटानं कावडी चढवतात, सासवडच्या तेल्या भुत्याची कावड येते, माणसं साखळी करून ती कड्यावरनं वर घेतात, ते तिनं माहेरी असताना पाहिलं होतं. आमच्या दुकानाशेजारचे चेट्टियार काका दरवर्षी पायी जायचे. विचारलं, दुखत नाही? म्हणाले, मुलगी आजारातून उठली तेव्हा जे दुखत होतं, त्यापुढे हे काय.

शिराळ्याची लेक (सध्या रोम)

माझ्या लहानपणी बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नाग असायचे. आधीचे काही दिवस गावातले लोक रानात जाऊन नाग धरून आणायचे आणि गाडग्यात ठेवायचे, तोंडाला फडकं बांधून. अंधाऱ्या खोलीत ओळीनं गाडगी. आजी आम्हाला तिथे मोठ्यानं बोलू द्यायची नाही, पाहुणे आलेत म्हणायची. गोरक्षनाथांनी महाजनांच्या घरी मातीचा नाग पुजताना पाहिला आणि खऱ्या नागाची पूजा करायला लावली, अशी कथा. सण झाला की जिथला नाग तिथे सोडायचा. पुढे वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे ते थांबलं. गावात त्याची हळहळ फार आहे. मला दोन्ही बाजू कळतात. नागाला हाताळताना त्याचे हाल होतात हे खरं, आणि आमच्या गावात साप दिसला की काठी शोधत नाहीत हेही खरं.

इटलीत अब्रुझ्झोच्या डोंगरात कोकुल्लो म्हणून गाव आहे. १ मे रोजी तिथे संत दोमेनिकोच्या मूर्तीवर जिवंत साप सोडतात आणि मिरवणूक काढतात. मी मुद्दाम गेले. बर्फ वितळलं की तिथले सापवाले साप धरायला बाहेर पडतात, फक्त बिनविषारी. उत्सवानंतर पुन्हा रानात सोडतात. सापांचे अभ्यासक सण सुरू असतानाच त्यांची तपासणी करतात, मापं घेतात. एका सापवाल्यानं माझ्या हातात एक लांबलचक साप दिला, मी तो आजी धरायची तसा सैल हातानं धरला. त्यानं विचारलं, तू कुठली? मी मोबाइलवर शिराळ्याचे जुने फोटो दाखवले. त्यानं आसपासच्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं. अभ्यासक आणि गावकरी एकाच टेबलाशी बसलेले मी तिथे पाहिले. आमच्याकडेही असं बसता आलं पाहिजे, एवढंच मला मनापासून वाटतं.

सांगलीकर (जर्मनी)

थोडक्यात लिहितो. इथे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे चिनीमातीच्या बश्या, कप घेऊन येतात आणि वधूच्या दारात आपटून फोडतात. काच फोडायची नाही, ते अशुभ. मग नवरा-नवरीनं दोघांनी मिळून झाडून काढायचं. मित्राच्या लग्नात मी बशी फोडायला बिचकत होतो. त्याची आजी म्हणाली, जोरात! पुढे तोच मित्र माझ्या बहिणीच्या लग्नाला सांगलीला आला. नवरदेवाचा कान पिळताना बघून त्यानं कारण विचारलं. मामांनी सांगितलं, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. त्याला लगेच पटलं.

कराडच्या काकू

मुलाकडे टेक्सासला होते. शेजारीण मेक्सिकोची. त्यांच्याकडे १ आणि २ नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी येतात म्हणून टेबलावर फोटो मांडतात, मेणबत्त्या, त्यांना आवडणारे पदार्थ, आणि झेंडू. ढिगानं झेंडू. दारापासून पाकळ्यांची वाट, वासावरून माणूस घरी यावा म्हणून. आपण दसऱ्याला तोरण करतो तो झेंडू मुळात तिकडचाच, हे मला तिच्याकडून कळलं.

यांना जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. प्रीतिसंगमावर दहाव्याला कावळा लवकर शिवला नव्हता, ते मनात सलत होतं. तिनं विचारलं, तुमच्या नवऱ्याचा फोटो ठेवता का? मी ठेवला. कांदाभजी तळून नेली, यांना फार आवडायची. तिच्या सासऱ्यांच्या फोटोशेजारी यांचा फोटो. त्या रात्री मी शांत झोपले. सर्वपित्रीला पान वाढते ते आजही वाढतेच, त्यात फरक पडलेला नाही.

सातारकर (निवृत्त शिक्षक)

सगळे मनापासून लिहीत आहेत, म्हणून मीही मनापासून लिहितो. २५ जानेवारी २००५ ला, शाकंभरी पौर्णिमेला, मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. ३०० च्या आसपास माणसं गेली. अरुंद वाट, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि दाटी. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई त्यात होती. त्या मुलीला ‘प्रथा’ या शब्दात काय सांगायचं?

नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. देवाला विरोध करू नका, शोषणाला करा, हे ते सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. बोरीच्या बारात कुणाला इजा होत नाही, मन मोकळं होतं. तो टिकावा. पण जिथे मुका जीव किंवा माणूस दगावतो, तिथे बदल मागायला गावातल्याच माणसानं उभं राहायला हवं.

बावधनकर

सर, तुमचं म्हणणं मान्य. आमच्याकडे बैलांचं आता जास्त बघतात, जनावरांचे डॉक्टर असतात. माणूस पडू नये म्हणून बांधणीही कसून तपासतात. अजून करायला जागा आहे.

कडेगावचा (सांगली जिल्हा)

आमचे मोहरमचे उंच ताबूत राहिलेच की. हिंदू-मुसलमान मिळून बांधतात, आधी कळस, मग खाली खाली येत पाया. भेटीच्या दिवशी ताबूत एकमेकांना भेटतात तेव्हा मैदानात पाय ठेवायला जागा नसते. दसऱ्याला कवठेएकंदला शोभेचं दारूकाम (आतषबाजी) बघायला गेलात तर सुती कपडे घाला, नायलॉन नको. तैवानमध्ये यान्शुई गावात असाच फटाक्यांच्या बाणांचा वर्षाव असतो, तिथे लोक हेल्मेट आणि जाड कोट घालून उभे राहतात. आपल्याकडेही पोरांनी घालावं.

इस्लामपूरहून

ताई, बार बघायला यायचंय. कसं यायचं? आणि बाहेरच्या बायकांना काठावर उभं राहू देतात का?

धागाकर्ती

या की. मिरज-पुणे गाडीनं लोणंदला उतरा, तिथून जवळ आहे. बार दुपारी असतो. बघायला कुणालाही मनाई नाही, फक्त ओढ्यात उतरू नका, पाऊस असला तर पाण्याला ओढ असते. आधी मला कळवा, मावशीकडे जेवण करून जाऊ.