‘बॉडीज’ हे हत्येचे गाणे नव्हे

ढोलवादक:
ड्राउनिंग पूल या अमेरिकी रॉक बँडचे ‘बॉडीज’ हे हत्येला चिथावणी देणारे गाणे असून ते मुलांना ऐकू देणारे पालक बेजबाबदार आहेत, असे साशंक यांनी काल ठणकावून लिहिले. ते वाचून गप्प बसवले नाही. हे गाणे मॉशपिटविषयी, म्हणजे मैफलीत मंचासमोर एकमेकांवर आदळत नाचणाऱ्या गर्दीविषयी आहे, हे डॅलसच्या या बँडने वारंवार सांगितले आहे. गाण्यातली जमिनीवर पडणारी शरीरे ही एकमेकांवर आदळून कोसळणाऱ्या श्रोत्यांची आहेत, आणि ज्याला पाडले त्याला उचलायचे, हा त्या गर्दीचा पहिला नियम आहे. पुण्यातल्या एका मैफलीत मी असाच पडलो, तेव्हा एका अनोळखी मुलाने मला दंडाला धरून उभे केले आणि दोन्ही हात पसरून, माझा चष्मा सापडेपर्यंत, मागचा लोंढा पाठीवर थोपवून धरला.

साशंक:
तुमचा चष्मा सापडला याचा आनंद आहे, परंतु तो पुरावा होत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर क्लिअर चॅनेल या अमेरिकी रेडिओ कंपनीने आपल्या रेडिओ केंद्रांना आक्षेपार्ह वाटू शकणाऱ्या गाण्यांची जी यादी पाठवली, तीत हे गाणे होते. माझा भाचा दहावीत असताना दार लावून हेच ऐकत बसे, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या माझ्या बहिणीचा चेहरा मी पाहिला आहे.

ढोलवादक:
त्याच यादीत जॉन लेनन यांचे ‘इमॅजिन’ही होते, मग तेही हत्येचे गाणे ठरवायचे काय? तुमच्या भाच्याने कुणावर हात उगारला का, तेवढे सांगा.

सातारकर:
भाच्याला आता सोडा. या गाण्याचा खरा काळा इतिहास ग्वांतानामो या अमेरिकेच्या लष्करी तुरुंगात आहे, आणि त्याबद्दल दोघेही अवाक्षर काढत नाही. मोहमदू उल्द सलाही या कैद्याला २००३ मध्ये तेथे बदलत्या प्रकाशझोतांत हेच गाणे ऐकवले गेल्याचे अमेरिकी सिनेटच्या समितीने नोंदवले आहे. कोणताही आरोप न ठेवता चौदा वर्षे डांबलेला हा माणूस २०१६ साली सुटला. आपले गाणे असे वापरले जाते हे कळल्यावर बँडच्या बासवादकाने २००६ साली तो आपला सन्मान असल्याचे म्हटले होते. जी कला दुसऱ्याला उचलून उभे करण्याची भाषा करते, तिच्या कर्त्याच्या तोंडी हे शोभते का?

साशंक:
मी हेच तर सांगत होतो!

सातारकर:
नाही, तुम्ही हे अजिबात सांगत नव्हता. तुम्ही गाण्याला दोष देत होता. मी ध्वनिवर्धकाचे बटण दाबणाऱ्याला आणि त्याचा अभिमान बाळगणाऱ्याला देतो आहे.

ढोलवादक:
बासवादकाचे ते विधान लाजिरवाणे होते, हे मी मुकाट्याने मान्य करतो. पण बँडचा गायक असलेल्या ज्या डेव्ह विल्यम्सचा आवाज त्या कोठडीत घुमला, तो ऑगस्ट २००२ मध्येच, अवघ्या तिसाव्या वर्षी, दौऱ्यावर असताना हृदयविकाराने गेला होता. त्याला कुणी परवानगी विचारली नव्हती आणि विचारणे शक्यही नव्हते. त्याच्या माथी हे पाप मारणाऱ्यांशी मी भांडणारच.

साशंक:
ठीक आहे, गायकावरचा आक्षेप मी मागे घेतो. पण अर्थ मॉशपिटचा असला तरी दाराबाहेर उभ्या असलेल्या आईला तो कुणी समजावून सांगितलेला नसतो, हा माझा मुद्दा कायम आहे.

सातारकर:
मग दार ठोठावून मुलालाच विचारायला हवे होते.