अनुभव: घराला लाकडी पडवी किंवा खोली जोडताना केलेला अंदाज आणि झालेला खर्च

चाफेकळी
काल भावानं गावच्या घराचा फोटो पाठवला. मागच्या पडवीची कौलं उतरवलीत, आबांनी घातलेले फणसाचे वासे उघडे पडलेत, आणि एका वाशावर मेस्त्रींच्या पेन्सिलीच्या खुणा अजून दिसतायत! पडवी उभी राहिली तेव्हा मी शाळेत होते. आबा आणि मेस्त्री दिवेलागणीला ओट्यावर हिशेबाला बसायचे, आईची चहाची आधणं संपायची नाहीत. आता भावाला ती पडवी आठ फूट पुढे काढून लाकडाची बंदिस्त करायचीय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात शेजारचे पत्रे आमच्या आगरात येऊन पडले होते, म्हणून पत्रा नकोच म्हणतो. घर दापोलीकडे. कुणी केलंय असं? अंदाज किती होता, पैसा कुठे गेला, सगळं लिहा.

सुतारपक्षी
पैशाच्या आधी उंची. तीस अंशाचा उतार धरला तर आठ फूट पुढे जाताना छप्पर साडेचार फूट खाली येतं. भिंतीपाशी साडेदहा फूट असेल तर वळचणीला सहा फूट उरतात. उतार मोडून भागवायला जातात आणि मग वाऱ्याच्या पावसात कौलांखालून पाणी आत. जुनी माणसं पडवीचं जोतंच एक पायरी खाली घ्यायची. आधी दोरी धरून बघा म्हणावं भावाला.

मनीमाऊ
+१. आमच्या पडवीत सगळे पाहुणे वाकूनच येतात, नमस्कार आपोआप होतो 😀

वखारीतला
वडिलांची वखार होती म्हणून लिहितो. चिरलेलं लाकूड: रुंदी इंच × जाडी इंच × लांबी फूट, भागिले १४४ = घनफूट. अख्खा ओंडका: घेराचा चौथा भाग गुणिले तोच चौथा भाग गुणिले लांबी, भागिले १४४. म्हणजे ४८ इंच घेर, १० फूट लांब = १० घनफूट.
वीस फूट लांब, आठ फूट रुंद पडवी धरा. दीड फुटावर ४ × २ चे पंधरा वासे, प्रत्येकी ११ फूट (वळचण धरून), हे ९ घनफूट. रिपा (कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्या) ३ घनफूट. पाच इंची चार खांब साडेपाच. खांबांवरची तुळई आणि भिंतीलगतचं आडवं मिळून साडेचार. बेरीज बावीस. चिरताना साल, पांढरं (सालीखालचं कच्चं लाकूड), भुसा जाणार, म्हणून ओंडका तीसेक घनफुटांचा बघा. कौलं शंभर चौरस फुटाला दीडशेच्या आसपास, म्हणजे सव्वातीनशे, वर फुटीची थोडी. भिंतींच्या फळ्या यात नाहीत, त्या वेगळ्या मोजा. दर विचारायच्या आधी हा कागद हातात असू दे, मग वखारवाला "अंदाजे" म्हणत नाही.

चाफेकळी
@वखारीतला देव तुमचं भलं करो. तसाच्या तसा भावाला पाठवला.

गौरीचीआई
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आमच्याकडे लाकूड घरचं होतं (ऐन आणि किंजळ), त्यामुळे सासऱ्यांना वाटलं फक्त मजुरी. झाड पाडणं, ओढून रस्त्यावर आणणं, टेम्पो, गिरणीत चिराई, मग वर्षभर सावलीत थप्पी. चिराई-वाहतुकीतच निम्मे पैसे गेले. आणि ओलं लाकूड घाईनं लावू नका हो, आमच्या शेजारी दारं अशी फिरली की कडी बसेना. शिट्टी झाली, येते.

तलाठ्याची लेक
घरचं झाड असलं तरी परवानगी लागते. १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ सगळे आहेत. वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, आणि माल हलवायला वाहतूक पास. बांधकामाचं ग्रामपंचायतीत वेगळं. वाढीव भागाची घरपट्टीही लागणार. कागदांचा वेळ धरूनच पावसाळ्याचं गणित करा.

लेस्टरकर
इकडे आमची मागची खोली लाकडी सांगाड्याचीच. इंग्लंडमध्ये जोडघराला मागे एकमजली तीन मीटरपर्यंत सहसा वेगळी नियोजन परवानगी लागत नाही, सुट्या घराला चार मीटर. पण बांधकामाची तपासणी होतेच, आणि सामायिक भिंतीपाशी पाया खणायचा तर शेजाऱ्याला आधी लेखी नोटीस. कंत्राटदाराच्या आकड्यावर वीस टक्के व्हॅट आहे का नाही हे पहिल्या दिवशी विचारा. लाकूड स्वस्त पडलं, पाया आणि जुन्या भिंतीशी सांधा यानं खाल्लं. बाबा तिकडून व्हिडिओ कॉलवर विचारत होते, "भिंतीत कापूस कसला भरतायत?" (थंडी अडवायचा थर तो) 😄

सुतारपक्षी
सांधा!! शंभर टक्के. जुनं छप्पर आणि नवीन छप्पर जिथे भेटतं तिथली पन्हळ जाड पत्र्याची आणि रुंद करा. पाचोळा साचला की पाणी उलटं घरात येतं. तिथे काटकसर नको.

आगरवाडी
लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचं काय करता? आमच्याकडे वाशांना काजूच्या टरफलाचं तेल देतात, हातमोजे घालूनच. कातडीला लागलं तर फोड येतात, माझ्या काकाच्या मनगटावर अजून डाग आहे. खांब जमिनीत पुरू नका, चिऱ्याच्या बैठकीवर उभे करा, वाळवीचा रस्ता तिथेच दिसतो.

निशिगंध
विषय वेगळा होतोय, पण आमच्या दादांनी अशीच खोली काढायला घेतली आणि वासे चढायच्या आधी गेले. मेस्त्रींनी उरलेलं काम मजुरी न घेता पूर्ण केलं. त्या खोलीत आता आई दुपारी पडते.

चाफेकळी
@निशिगंध 🙏 अशी माणसं भेटतात म्हणून घरं उभी राहतात.

मनीमाऊ
चाफेकळी, फणसाचं झाड पाडणार आहात का? कापा (कडक गऱ्यांचा) की बरका (मऊ गऱ्यांचा)?

चाफेकळी
कापा गं. त्याला हात लावायचा नाही असं आईनं बजावलंय, भाऊ आकेशियाचा दर काढतोय.

गौरीचीआई
बरका असता तरी हात लावू देऊ नका, साठं (फणसपोळ्या) कशाची घालणार? आमच्याकडे यंदा सहा ताटं झाली.

आगरवाडी
मुंबईला कधी येताय, गौरीची आई? 😋