कंत्राट चालू असताना दरवाढ मागणे योग्य आहे का?

वैजयंती: तासाच्या दराने कंत्राटावर काम करणाऱ्याने मुदत संपण्याआधी दर वाढवून मागावा, पण कामाची व्याप्ती बदलली असेल तरच, असे माझे ठाम मत आहे. दोन प्रणालींची देखभाल ठरलेली असताना हळूहळू चार प्रणाली, नव्या माणसांना शिकवण्याची जबाबदारी आणि रात्री-अपरात्रीच्या तक्रारी असे एकेक काम कागदावर न येताच अंगावर पडत जाते, तेव्हा मूळ दर ज्या कामासाठी ठरला होता ते काम उरलेलेच नसते. बाजारात इतरांना जास्त मिळते, हे कारण मात्र नूतनीकरणाच्या वेळी मांडावे.

सदानंद: मी कंत्राटी माणसे नेमतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. अंदाजपत्रक मंजूर झालेले असते आणि काम अर्ध्यावर असताना माणूस बदलणे जवळजवळ अशक्य असते. नेमक्या त्याच वेळी आलेली मागणी, मागणाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी, अडवणुकीसारखी भासते. इंग्लंडमधील 1809 च्या ‘स्टिल्क विरुद्ध मायरिक’ खटल्यात दोन खलाशी पळून गेल्यावर कप्तानाने त्यांचे वेतन उरलेल्यांत वाटण्याचे कबूल केले होते, तरीही न्यायालयाने ते वचन बंधनकारक मानले नाही, कारण जहाज परत आणण्याचे काम त्यांनी आधीच पत्करलेले होते.

वैजयंती: त्याच देशातील 1857 चा ‘हार्टली विरुद्ध पॉन्सनबी’ हा खटलाही पाहावा. तिथे 36 पैकी 17 जण निघून गेले, प्रवास धोकादायक झाला आणि उरलेल्यांना कबूल केलेली जादा रक्कम न्यायालयाने देय ठरवली. माझा मुद्दा नेमका हाच आहे.

मीनल: मला दोघांचेही पटत नाही. महागाईचे कारण इतक्या सहज बाजूला का सारायचे? वर्षाला 6 टक्के महागाई धरली, तरी दोन वर्षांनी त्याच दराची खरेदीशक्ती सुमारे 11 टक्क्यांनी घटलेली असते. शिवाय ज्या करारात नेमणारा थोड्या दिवसांच्या सूचनेवर काम थांबवू शकतो, तिथे शब्द पाळण्याचे ओझे एकट्या कंत्राटदाराच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे आहे. मागणी म्हणजे जबरदस्ती नव्हे. समोरच्याला नाही म्हणण्याची मोकळीक असतेच.

सदानंद: मोकळीक कागदावर असते, मीनलताई, काम अडलेल्या विभागाला ती नसते. महागाईची भीती असेल तर दरवर्षी दर वाढवण्याचे कलम सही करण्यापूर्वीच घालून घ्यावे. तेव्हा मी नाकारले, तर काम न स्वीकारण्याचा मार्ग खुला असतो. वाढीव कामाबद्दल मात्र वैजयंतीताईंचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त ते काम हाती घेण्यापूर्वी लेखी कळवावे. चार महिने निमूटपणे केलेल्या कामाचा हिशेब अचानक समोर आला, तर मी वरिष्ठांना काय दाखवू?

मीनल: सही करताना कलम घालून घेण्याइतकी ताकद नवख्या माणसाकडे नसते, हे आपण विसरता. त्याची किंमत कळते ती काम दिसल्यावरच.

वैजयंती: लेखी कळवण्याची अट मला मान्य आहे. मधे एजन्सी असेल तर मागणी आधी तिच्याकडे करावी, असे मी सुचवेन. नेमणारा देतो आणि कंत्राटदाराला मिळतो, या दोन दरांतील फरक तिच्याकडे राहतो आणि कित्येकदा वाढ त्यातूनच निघू शकते, अंदाजपत्रकाला हात न लावता.