मदत हवी आहे: पहाटे चारला कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायला हवा

नमस्कार मंडळी. माझ्या डेस्कटॉपवर विंडोज १० आहे. रोज पहाटे ४ वाजता तो आपोआप सुरू व्हावा, सगळ्या फोटोंचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा आणि बंद व्हावा, एवढंच हवंय. एकदा डिस्क गेली आणि बरेच फोटो कायमचे गेले, म्हणून हे मनावर घेतलंय.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पॉवरच्या पानावर आरटीसी अलार्म (बोर्डावरच्या घड्याळाने ठरल्या वेळी मशीन सुरू करण्याची सोय) चालू केला, ०४:००:०० वेळ टाकली. तारखेच्या जागी शून्य, म्हणजे रोज. ईआरपी (वीज वाचवायची सेटिंग) बंद केलंय, कारण ते चालू असलं की बंद मशीनचा स्टँडबाय वीजपुरवठा जवळजवळ तुटतो आणि अलार्म वाजूनही उपयोग नसतो. बोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेलही नवीन टाकला. घड्याळ अचूक चालतंय.

गंमत अशी की बायोसमधून बाहेर पडताना तिथूनच बटण दाबून बंद केलं, तर मशीन बरोबर चारला उठतं. विंडोजमधून शटडाऊन केलं की मात्र सकाळी बघावं तर दिवा विझलेलाच. फास्ट स्टार्टअपमुळे (पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज पूर्ण बंद न होण्याची सोय) असं होत असेल का? ते बंद करून कोणाचं काम झालंय का?

टास्क शेड्यूलरचा (विंडोजमधलं ठरल्या वेळी कामं चालवणारं साधन) पर्याय माहीत आहे, पण तो स्लीप किंवा हायबरनेटमधूनच (चालू काम डिस्कवर साठवून बंद होणं) उठवतो, पूर्ण बंद मशीनला नाही. रात्रभर स्लीपवर ठेवायचं नाहीये, हायबरनेट चालेल. लिनक्समधल्या आरटीसीवेकसारखं, बंद करतानाच पुढची वेळ लिहून ठेवणारं काही विंडोजसाठी आहे का? स्वतः वापरून पाहिलेलं असेल तर कृपया नक्की सांगा.