मदत हवी आहे: मोबाईलवर साईट फुटतेय, अर्जंट

रावेरकर_२२:
मामाचा केळीचा धंदा आहे, त्याच्यासाठी साईट बनवलीये. लॅपटॉपवर एकदम झक्कास, मोबाईलवर पार वाट लागते. मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे वेगळे नियम लावणारा कोड) टाकली तरी ढिम्म. उद्या सकाळी मामाला दाखवायचीये, दोन दिवस झाले डोकं फिरलंय. यूट्यूब बघ म्हणू नका, सगळं बघून झालं.

भुसावळ_जंक्शन:
वाट लागते म्हणजे काय नक्की? गाडी लेट आहे म्हणतोस आणि कोणती ते सांगत नाहीस. कोड टाक.

तापीकाठ:
बूटस्ट्रॅप टाक, तयार डिझाइनची लायब्ररी आहे, विषय संपला.

रावेरकर_२२:
कोड मोठा आहे हो. अक्षरं मुंगीएवढी दिसतात, झूम करून वाचावं लागतं.

भुसावळ_जंक्शन:
पानाच्या कोडमध्ये वर हेड असतं, त्यात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग आहे का? पान किती रुंद धरायचं ते तो ब्राउझरला सांगतो. विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल 1. तो नसला की मोबाईलचा ब्राउझर पान साधारण 980 पिक्सेल रुंद धरतो आणि आख्खं आवळून स्क्रीनमध्ये कोंबतो. मग तुझी मीडिया क्वेरी, समज 768 पिक्सेलच्या आतल्या स्क्रीनची, लागणार कशी, त्याच्या हिशोबी पान 980 चंच आहे.

रावेरकर_२२:
नव्हता!! टाकला. अक्षरं मोठी झाली पण आता पान आडवं सरकतंय, भावाचा तक्ता अर्धा बाहेर.

धुळ्याचा_दादा:
होस्टिंग कुठलं घेतलंस? आणि जाहिराती लाव, पैसे सुटतील.

भुसावळ_जंक्शन:
दादा, त्याने ते विचारलंय का

तापीकाठ:
म्हणून तर म्हटलं बूटस्ट्रॅप. तक्ता टेबल-रिस्पॉन्सिव्ह क्लासच्या डिव्हमध्ये (डब्यात) घातला की झालं.

जुना_खेळाडू:
एका तक्त्यासाठी आख्खी लायब्ररी कशाला लादता पोराच्या डोक्यावर? आम्ही 800 गुणिले 600 च्या स्क्रीनसाठी टेबलं ठोकून पानं बांधली, 2010 ला ईथन मार्कोट या वेब डिझायनरने रिस्पॉन्सिव्ह (स्क्रीनप्रमाणे आकार बदलणारं पान) हा शब्द काढला तेव्हा कुठे सुटलो. आता पानाची मांडणी करणारे ग्रिड आणि फ्लेक्सबॉक्स ब्राउझरमध्येच आहेत, फुकट. तो लायब्ररी आतून काय करते ते न शिकताच चिकटवणार आणि पुन्हा इथेच येणार.

तापीकाठ:
उद्या सकाळी दाखवायचंय त्याला, पीएचडी नाही करायचीये.

भुसावळ_जंक्शन:
भांडा तुम्ही. रावेरकर, बाहेरच्या डब्याला विड्थ किती दिलीये? आणि तक्त्यात रकाने किती?

रावेरकर_२२:
विड्थ 1200 पिक्सेल. रकाने सहा: तारीख, मग केळीच्या भावाचे नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी, फरक. शब्द तुटू नये म्हणून नोरॅप दिलंय.

खान्देशी_मिरची:
कसा शे भाऊ! नवती काय भाव चाललीये आज तिकडे?

भुसावळ_जंक्शन:
मग आडवं सरकणारच. 1200 च्या जागी मॅक्स-विड्थ 1200 आणि विड्थ 100 टक्के. बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स सगळ्यांना, नाहीतर पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, विड्थमध्ये वरून मिळते. फोटोंना मॅक्स-विड्थ 100 टक्के, हाइट ऑटो. तक्ता एका डिव्हमध्ये घाल आणि त्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो दे, म्हणजे तक्ताच सरकेल, पान नाही. आणि मीडिया क्वेरी फाईलच्या वर टाकलीस का खाली?

रावेरकर_२२:
सगळ्यात वर, महत्त्वाची म्हणून.

भुसावळ_जंक्शन:
😂 खाली ने. सिलेक्टर (नियम कशाला लावायचा ते सांगणारं नाव) सारखाच असला तर जो नियम नंतर येतो तो जिंकतो. वर ठेवलीस म्हणून खालचे नियम तिला पुसून टाकतात.

रावेरकर_२२:
भाऊ झालं!!! माझ्या फोनवर मस्त दिसतेय. पण मामाच्या फोनवर अजून मुंगीच. ब्राउझरची कॅश (साठवलेली जुनी पानं) साफ केली, फोन बंद-चालू केला, काही फरक नाही.

तापीकाठ:
बूटस्ट्रॅप असतं तर

जुना_खेळाडू:
मामाच्या क्रोममध्ये तीन टिंबांवर दाब, "डेस्कटॉप साईट"ला टिक आहे का बघ. असली तर तुझ्या व्ह्यूपोर्टला तो विचारतच नाही.

रावेरकर_२२:
आहे!! सेटिंगमधूनच कायमची चालू. कुठलातरी ऑनलाइन फॉर्म मोबाईलवर उघडत नव्हता म्हणून भाचीने लावून दिली म्हणे. टिक काढतो म्हटलं तर मामा फोनच हातात देईना, फॉर्म भरायचा राहिलाय म्हणतो.

भुसावळ_जंक्शन:
त्याच सेटिंगमध्ये फॉर्मची साईट अपवाद म्हणून टाक, बाकीच्यांना बंद कर. दोघांचं भागेल.

खान्देशी_मिरची:
नवतीचा भाव राहिला ना भाऊ सांगायचा